सीमा न ओलांडलेले विस्थापित: आफ्रिकेतला कंपाला करार आणि जमिनीवरची परिस्थिती

गुलूकर

मंडळी, सुदानच्या बातम्यांवर तिकडे चर्चा चालू होती त्यात कुणीतरी विचारलं की एवढी माणसं उघड्यावर आहेत तर युनो करतंय काय. उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी मूळचा नगरचा, आता उत्तर युगांडात गुलूला असतो. काम पाण्याचं, म्हणजे बोअर, हातपंप, त्यांची दुरुस्ती, पाणी समित्या. इथल्या विस्थापितांच्या छावण्या मोडायला लागल्या होत्या त्या सुमाराला आलो आणि मग इथलाच झालो.

आधी मूळ मुद्दा. घरदार सोडून पळालेला माणूस देशाची सीमा ओलांडून पलीकडे गेला की तो निर्वासित. त्याच्यासाठी १९५१ चा जागतिक करार आहे, आफ्रिकेचा स्वतःचा १९६९ चा आहे, युनोची एक अख्खी एजन्सी आहे. तोच माणूस सीमेच्या अलीकडे थांबला तर तो आपल्याच देशातला नागरिक, त्याला बघायचं ते त्याच्याच सरकारने. आता तो ज्याच्या भीतीने पळाला ते सरकारच असेल, किंवा सरकार असून नसल्यासारखं असेल, तर त्याने कुणाकडे बघायचं? सगळं घोडं इथे अडतं. आणि संख्या बघा, २०२४ संपताना जगात असे देशातल्या देशात विस्थापित ८ कोटी ३४ लाख होते, त्यातले ३ कोटी ८८ लाख सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. एकट्या सुदानमध्ये १ कोटी १६ लाख, एका देशात इतके आजवर कधीच नोंदले गेले नव्हते.

गंमत नाही, खरोखर अभिमानाने सांगतो, या प्रश्नावर सरकारांना बांधून घेणारा अख्ख्या खंडाचा करार जगात आफ्रिकेनेच पहिला केला. २३ ऑक्टोबर २००९ ला कंपालामध्ये आफ्रिकन युनियनने मंजूर केला, पंधरा देशांनी मान्यता दिल्यावर ६ डिसेंबर २०१२ ला लागू झाला. युगांडा मान्यता देणारा पहिला देश. आज युनियनच्या ५५ देशांपैकी तीसहून जास्त देश त्यात आहेत. सगळी मिळून २३ कलमं. युद्धाने विस्थापित, पूर-दुष्काळाने विस्थापित, धरण-खाणीने विस्थापित, सगळे त्यात धरलेत.

मग माणसं अजून हाल का काढतायत, तर माझं मत असं की सरकारं विस्थापन मोजतात तंबूवर. तंबू दिसले की प्रश्न आहे, तंबू मोडले की प्रश्न संपला. आणि माणसाचा खरा प्रश्न तंबू मोडल्यावर सुरू होतो. इथे उत्तर युगांडात मी ते रोज बघितलंय. त्यावर सविस्तर लिहितोच, आधी तुम्ही काय म्हणता ते वाचायचंय.

रानवारा

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जुना_रिपोर्टर

चांगला विषय. पण दादा, कागदावरच्या कराराचं कौतुक किती करायचं? सुदान या करारात नाहीच ना? म्हणजे जिथे सगळ्यात जास्त विस्थापित तोच देश बाहेर. आणि जे आत आहेत त्यांनी तरी काय दिवे लावलेत, नायजेरियाने २०१२ लाच मान्यता दिली, आणि १७ जानेवारी २०१७ ला त्यांच्याच हवाई दलाने रान नावाच्या गावात विस्थापितांच्या छावणीवर बॉम्ब टाकले. लोक मदतीच्या रांगेत होते. चूक झाली म्हणाले. असल्या करारांना मी कागदी वाघ म्हणतो, स्पष्टच बोलतो.

वकिलीण_बाई

रिपोर्टरकाका, राग समजतो पण कागद लागतोच, कागदाशिवाय कोर्टात उभंच राहता येत नाही.

थोडं मागे जाते. १९९२ पर्यंत या लोकांबद्दल आंतरराष्ट्रीय कायद्यात स्वतंत्र काहीच नव्हतं. त्या वर्षी युनोने फ्रान्सिस डेंग यांना या विषयासाठी नेमलं. ते स्वतः सुदानचे, अबयेई भागातले, डिंका जमातीचे, आज त्या भागाचा सुदान आणि दक्षिण सुदान या दोन देशांत वाद आहे. त्यांनी मांडलं ते असं की सार्वभौमत्व हे मिरवायला नसतं, ती जबाबदारी आहे, आपल्या माणसांना सांभाळत असाल तर सार्वभौम. १९९८ मध्ये त्यातून मार्गदर्शक तत्त्वं आली, ती कुणावर बंधनकारक नव्हती. कंपाला कराराने तीच तत्त्वं बंधनकारक केली, हा फरक लहान नाही. २००६ मध्ये आफ्रिकेतल्या ग्रेट लेक्स म्हणजे मोठ्या तळ्यांच्या भागातल्या देशांनी स्वतःपुरता एक प्रोटोकॉल आधीच केला होता, तो विसरला जातो.

करारात काय आहे ते वाचण्यासारखं आहे. कलम ९ मध्ये सरकारने काय करू नये आणि करू देऊ नये याची यादी आहे, त्यात भेदभाव, हत्या, लैंगिक अत्याचार यांच्या बरोबरीने उपासमार असा शब्द आहे. कलम १३ कागदपत्रांचं, त्यात बाईला, पुरुषाला, आणि आईबापांपासून ताटातूट झालेल्या मुलाला सुद्धा स्वतःच्या नावाने ओळखपत्र मिळायला हवं असं स्पष्ट लिहिलंय. कलम ७ सशस्त्र गटांवर आहे, त्यांनी मदत अडवायची नाही, पोरं भरती करायची नाहीत. कलम १२ भरपाईचं.

कमतरता आहे ती पुढच्या पायरीची. करारावर सही केली तरी देशात स्वतःचा कायदा करावा लागतो, बजेट लावावं लागतं, कोण अधिकारी जबाबदार ते ठरवावं लागतं. ते फार थोड्यांनी केलंय. नायजरने डिसेंबर २०१८ मध्ये केला, कंपाला करार देशाच्या कायद्यात उतरवणारा आफ्रिकेतला पहिला देश. नायजर म्हणजे जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक, हे लक्षात घ्या. पैसे नाहीत ही सबब म्हणून मी ऐकत नाही.

पल्लवी_डी

उपासमार हा शब्द वाचून थांबले. झमझमबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पश्चिम सुदानात, दारफुरमध्ये एल फाशेर शहराच्या दक्षिणेला ही छावणी. वीस वर्षांपूर्वीच्या दारफुर युद्धात वसली, म्हणजे तिथे जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप झालीयत. १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्टूममध्ये लष्कर आणि आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल) यांचं युद्ध पेटलं, हळूहळू दारफुरही पेटलं, झमझमची वस्ती पाच लाखांपर्यंत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे दुष्काळ जाहीर झाला, म्हणजे अन्नतज्ज्ञांच्या समितीने अधिकृतपणे फॅमिन म्हटलं, हे सहज म्हणत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये आरएसएफने छावणीवरच हल्ला केला आणि काही दिवसांत लाखो माणसं तिथून निघाली, बहुतेक पायी, तवीला गावाकडे. आधीचे विस्थापित पुन्हा विस्थापित.

आणि एल फाशेरला वेढा पडलेला असताना तिथले लोक काय खात होते माहितीय का, अंबाज. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर घाण्यात उरते ती पेंड. आपल्याकडे म्हशीला घालतात ती. ती भिजवून, शिजवून पोरांना. नंतर ती पण मिळेनाशी झाली. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर आरएसएफने घेतलं आणि त्यानंतर जे झालं ते जगाने सॅटेलाइट फोटोत बघितलं.

माझं सासर-माहेर दोन्हीकडे घाणा होता, पेंडीचा वास मला झोपेत ओळखता येईल. म्हणून ही एक गोष्ट डोक्यातून जातच नाही.

जुना_रिपोर्टर

पल्लवीताई, यात एक भर घालतो. उपाशी मरणाऱ्यांना अन्न पोचवायला चाडकडून आद्रे म्हणून नाका आहे. सुदानच्या लष्करी सरकारने तो फेब्रुवारी २०२४ पासून मदतीला बंद ठेवला, कारण दिलं की तिथून शत्रूला शस्त्रं जातात, आणि दुष्काळ जाहीर झाल्यावर ऑगस्टमध्ये उघडला. म्हणजे सहा महिने. दारफुरचा तो भाग त्या सरकारच्या ताब्यात पण नव्हता, तरी ट्रक आत न्यायला परवानगी त्यांचीच लागते, कारण कागदोपत्री देश त्यांचा. वकिलीणबाई म्हणतात ते सार्वभौमत्व ते हेच.

वकिलीण_बाई

अगदी. आणि म्हणूनच सुदानने करारात यायला हवं यासाठी दबाव पाहिजे. सही नसली तरी युद्धातले जिनेव्हाचे नियम लागू आहेतच, उपासमार हे हत्यार म्हणून वापरणं हा युद्धगुन्हा आहे, पण कंपाला करार शांततेच्या काळातली तयारी पण मागतो. ती झाली असती तर बराच फरक पडला असता.

सातारकर

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे, दक्षिण सुदानला मलाकलमध्ये युनोच्या शांतिसेनेत जाऊन आला. त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो.

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी सुरू झाली तेव्हा लोक जीव मुठीत घेऊन युनोच्या तळांच्या फाटकापाशी आले आणि युनोने फाटकं उघडली. कुणी आधी ठरवलेलं नव्हतं. पुढे त्याच तळांच्या कुंपणाला लागून वस्त्या झाल्या, सगळीकडच्या मिळून एका वेळी दोन लाखांवर माणसं. मलाकलला शिल्लुक, नुएर, डिंका अशा सगळ्या जमातींचे लोक एका कुंपणात, बाहेर एकमेकांशी लढाई चाललेली. त्याच डिसेंबरमध्ये अकोबोला आश्रय घेतलेल्या लोकांवर हल्ला झाला त्यात आपले दोन भारतीय जवान गेले. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकलच्या वस्तीवरच हल्ला झाला, आतल्या-आत भडकलं आणि बाहेरून सशस्त्र लोक पण घुसले, वीसहून जास्त माणसं मेली, तंबू जळाले. युनोच्या फौजेनं वेळेवर केलं नाही अशी टीका झाली, चौकशा झाल्या.

भाऊ गेला तो नंतर. तो म्हणायचा, पावसाळ्यात तिथली काळी माती अशी धरते की गमबूट मातीत राहतो आणि पाय वर येतो. तसल्या चिखलात बायका पहाटे कुंपणाबाहेर लाकूड आणायला जायच्या. पुरुष गेले तर मारतील म्हणून बायका जायच्या, आणि बायकांचं काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत. मग आपल्या जवानांची गस्त ठरवून त्यांच्या वाटेवर लावली, ठराविक वेळेला. एवढीशी गोष्ट, पण ती गस्त असेल त्या दिवशी बायका जास्त संख्येने निघायच्या असं तो सांगतो.

रानवारा

सातारकर, भावाला सलाम सांगा. मला प्रश्न आहे, सगळे विस्थापित छावणीतच असतात का? आपण फोटो तेच बघतो.

नैरोबीची_मेधा

रानवारा, नाही, बहुतेक लोक छावणीबाहेर असतात. नातेवाईकांकडे, भाड्याच्या खोलीत, चर्चच्या आवारात, अर्धवट बांधकामात. आणि त्यांचेच सगळ्यात जास्त हाल कारण ते यादीत नसतात.

केनियाचं सांगते कारण ते मी बघितलंय. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीचा निकाल लागला आणि दंगल उसळली, रिफ्ट व्हॅलीत गावंच्या गावं रिकामी झाली, ११०० च्या वर माणसं मेली, लाखो लोक बेघर. एल्डोरेटजवळ किआंबामध्ये चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बायका-पोरांना १ जानेवारी २००८ ला आत कोंडून पेटवलं. नैरोबीत जामहुरी पार्कच्या मैदानावर छावणी पडली होती, इथल्या भारतीय लोकांनी जेवण, ब्लँकेटं पोचवली, आमच्या ओळखीतल्या बायका पण रोज चपात्या लाटून देत होत्या.

मग २००८ च्या मे महिन्यात सरकारने "घरी परत" अशी मोहीम काढली. माणशी नव्हे, कुटुंबाला १० हजार शिलिंग सुरुवातीला आणि घर बांधायला २५ हजार. छावण्या पटापट बंद झाल्या. पण जे छावणीत गेलेच नव्हते, म्हणजे बहिणीकडे नाकुरूला राहिलेले, किंवा स्वतःची जमीन नसून भाड्याने दुकान चालवणारे, त्यांच्यातल्या कितीतरी लोकांची नोंदच झाली नाही. तंबूत नव्हता ना, मग तुम्ही विस्थापित कसे. आमच्याकडे शिवणकामाला येणारी बाई अशीच, एल्डोरेटला तिचं शिलाई मशीनचं दुकान होतं, ते जळलं, मशीन गेली, आणि दुकान भाड्याचं म्हणून तिच्याकडे दाखवायला कागदच नाही. तिला एक शिलिंग मिळाला नाही.

केनियाने २०१२ मध्ये विस्थापितांसाठी कायदा केला, कायदा वाचायला चांगला आहे, विस्थापितांना ज्यांनी आसरा दिला त्या लोकांचा पण त्यात विचार आहे. अंमलबजावणीबद्दल मात्र मी चांगलं काही लिहू शकत नाही.

गुलूकर

मेधाताईंनी लिहिलं तेच मला म्हणायचं होतं. आता इथलं सांगतो, जरा लांबेल.

एलआरए, म्हणजे जोसेफ कोनीची टोळी, आणि सरकारी फौज यांच्यात इथे वीसेक वर्षं लढाई चालली. १९९६ पासून सरकारने लोकांना गावं सोडून छावण्यांत राहायला लावलं, नाव दिलं "संरक्षित गावं". २००२ मध्ये तर ४८ तासांची मुदत दिली, त्यानंतर गावात दिसेल तो बंडखोर. २००५ च्या सुमाराला १८ लाख माणसं छावण्यांत होती, अचोली जमातीच्या भागातली जवळजवळ सगळीच. पब्बोची छावणी सगळ्यात मोठी, झोपडीला झोपडी लागलेली, उन्हाळ्यात एक पेटली की शंभर पेटायच्या. २००५ मध्ये युगांडाच्या आरोग्य खात्याने आणि जागतिक आरोग्य संघटनेने पाहणी केली त्यात आलं की आठवड्याला सुमारे हजार माणसं नेहमीपेक्षा जास्त मरतायत, मलेरिया, हगवण, एड्स, आणि हिंसा. आणि हे चालू असतानाच २००४ मध्ये युगांडाने विस्थापितांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, ते धोरण खरंच उत्तम होतं. म्हणजे एका हाताने छावणीत कोंडायचं आणि दुसऱ्या हाताने त्यांचे हक्क लिहायचे. रिपोर्टरकाका, तुमचा राग मला इथे पूर्ण मान्य आहे.

२००६ मध्ये दक्षिण सुदानातल्या जुबाला सरकार आणि एलआरए यांची बोलणी झाली, गोळीबार थांबला, लोक परत निघाले. इथून पुढे बाहेरच्या जगाचं लक्ष उडालं. पण जमीन कुणाची? इथे सातबारा नाही, फेरफार नाही. जमीन कुळाची, आणि हद्द म्हणजे अमुक झाड, तमुक वारूळ, ओढा, आजोबांचं थडगं. दहा-दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, झाडं कोळशासाठी तुटली, वाटा बुजल्या, आणि हद्द दाखवणारी म्हातारी माणसं छावणीत मेली. छावणीत जन्मलेल्या पोराला बापाने हवेत हात करून सांगितलेलं, "तिकडे, आंब्यापलीकडे." आंबा नाहीये आता. मग भाऊबंदकी. त्यात तेल, ऊस, शिकार-पार्क यांच्यासाठी मोठ्यांचा जमिनीवर डोळा.

बोअर कुठे घ्यायचा हे ठरवायला मी जायचो तेव्हा आधी हाच प्रश्न, ही जागा कुणाची. एका गावात जागेवर उभे राहून दोन घरं भांडायला लागली, मग तिथल्या र्वोत क्वेरीला बोलावलं, म्हणजे गावातल्या सामाईक शेतकामाचा मुकादम, कुठल्या घराने कुठवर खुरपलं ते त्याला माहीत असतं. म्हातारा आला, काठीने गवत बाजूला करत बराच वेळ चालला, मग एका ठिकाणी वाकून मातीतून जात्याचा तुटका दगड काढला. "इथे अमक्याच्या बायकोची चूल होती." वाद तिथेच मिटला, दोन्हीकडचे गप्प. कोर्टात त्या दगडाला पुरावा म्हणून कुणी धरलं नसतं. म्हणून मला वाटतं की असे म्हातारे आहेत तोवर त्यांची साक्ष लिहून घेणं, नकाशावर घेणं, हे तंबू वाटण्याइतकंच तातडीचं काम होतं आणि ते फार उशिरा सुरू झालं.

दुसरं, थडगी. माणसं छावणीत मेली, पुरली ती छावणीच्या जमिनीत, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीत. छावणी उठल्यावर मालक म्हणाला तुमची माणसं घेऊन जा. अचोलींमध्ये हाडं हलवायची तर विधी करावा लागतो, बकरं लागतं, वडीलधारी लागतात. ज्याच्याकडे घर शाकारायला गवत नाही तो बकरं कुठून आणणार. पुनर्वसनाच्या कुठल्याही पॅकेजमध्ये हे धरलेलं नव्हतं. पत्रा, खिळे, बियाणं, कुदळ धरली होती.

कोयनाकाठ

गुलूकर, थडग्यांचं वाचून बोलल्याशिवाय राहवत नाही. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली. ग्रामदैवत वर आणलं पण स्मशान कुठे आणणार. आजी म्हणायची देव आला, माणसं राहिली.

विचारायचं होतं की धरणाने उठवलेले या करारात कसे बसतात? आपल्याकडे महाराष्ट्राने १९७६ ला पुनर्वसनाचा कायदा केला, देशातला पहिला, तरी कोयनेच्या लोकांचे वाद अजून मिटलेले नाहीत, आंदोलनं चालूच असतात.

वकिलीण_बाई

कोयनाकाठ, कलम १० तुमच्यासाठीच आहे. प्रकल्पाने, मग तो सरकारी असो की खासगी कंपनीचा, विस्थापन होईल तेवढं टाळायचं, दुसरे पर्याय तपासायचे, आधी लोकांना पूर्ण माहिती देऊन सल्लामसलत करायची, आणि सामाजिक-पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास प्रकल्पाच्या आधी करायचा. युद्धाचे विस्थापित आणि धरणाचे विस्थापित एकाच करारात घेतले हे मला त्यातलं सर्वात धाडसी वाटतं, कारण युद्धाचं खापर शत्रूवर फोडता येतं, धरण सरकार स्वतःच्या हाताने बांधतं.

सुदानमधलं मेरोवे धरण बघा, नाईलवर. तिथल्या अमरी लोकांनी विरोध केला, एप्रिल २००६ मध्ये त्यांच्या सभेवर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे ऑगस्टमध्ये पाणी चढवलं आणि ते लोकांच्या घरात शिरलं, आधी नीट सूचना नाही. नदीकाठची खजुराची झाडं पिढ्यान्पिढ्यांची, ती गेली आणि पर्यायी जमीन मिळाली ती वाळवंटात.

जिंकलेली उदाहरणं पण आहेत. केनियात बोगोरिया तलावाकाठच्या एंडोरोइस लोकांना १९७० च्या दशकात अभयारण्यासाठी हटवलं, ते आफ्रिकन मानवी हक्क आयोगाकडे गेले आणि २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. माऊ जंगलातल्या ओगिएक लोकांच्या बाजूने आफ्रिकन कोर्टाने २०१७ मध्ये निकाल दिला आणि २०२२ मध्ये भरपाईचा आदेश. पैसे, जमीन हातात पडायला अजून झगडावं लागतंय पण निकालपत्र हातात असणं आणि नसणं यात फरक आहे.

अनामिक_७

सोमालियाबद्दल कुणी लिहिलं नाही. मोगादिशू, बायदोआ इथे दुष्काळाने आणि अल-शबाब या अतिरेकी संघटनेमुळे आलेले लोक खासगी जमिनीवर राहतात. जमीनमालक आणि विस्थापित यांच्यामध्ये एक दलाल असतो, त्याला तिकडे गेटकीपर म्हणतात, तो जागा देतो, संस्थांशी बोलतो, आणि बदल्यात प्रत्येक घराला मिळालेल्या रेशनमधून वाटा कापून घेतो. जमिनीचा भाव वाढला की एका सकाळी बुलडोझर. अल्पसंख्य कुळातल्या लोकांच्या बाजूने बोलायला कुणीच नसतं. सोमालियाने २०१९ मध्ये जबरदस्तीने हुसकावण्याबाबत नियम केले, बायदोआत काही वस्त्यांना जागेचे कागद पण मिळालेत, तिथे फरक पडलाय. म्हणजे होतं, केलं तर होतं.

जुना_रिपोर्टर

गुलूकरांचा तंबूचा मुद्दा नायजेरियात हुबेहूब दिसतो. बोर्नो राज्याने २०२१ मध्ये मैदुगुरीतल्या छावण्या बंद करायला सुरुवात केली. लोकांना थोडे पैसे आणि धान्य देऊन गावी पाठवलं, काही गावांच्या वेशीबाहेर अजून बोको हराम या अतिरेकी संघटनेचे लोक फिरतात, शेतात गेलं की उचलून नेतात. गावाभोवतीच्या खंदकाच्या आत राहा, बाहेर शेती करू नका, आणि मदत पण कमी करा म्हणे स्वावलंबन पाहिजे. करारात परत जाणं हे स्वेच्छेने आणि सुरक्षित असावं लागतं ना?

वकिलीण_बाई

हो, कलम ११. परत जायचं, आहे तिथेच स्थायिक व्हायचं, की तिसरीकडे जायचं, हे माणसाने स्वतः, माहिती घेऊन, मोकळेपणी ठरवायचं. छावणी बंद झाली हे त्यातलं एकही नाही.

पल्लवी_डी

आपण इथे बसून काय करू शकतो हे कुणी सांगेल का? नुसतं वाचून जीव तळमळतो.

नैरोबीची_मेधा

पल्लवी, सुदानमध्ये परदेशी संस्था पोचू शकत नाहीत तिथे मोहल्ल्यातली पोरं काम करतायत, इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स म्हणतात त्यांना. २०१९ च्या क्रांतीत ज्या गल्लीबोळातल्या समित्या होत्या त्यांच्यातूनच हे उभं राहिलं. सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, मोठ्या पातेल्यात डाळ, फूल (तिकडची बाकल्याची उसळ), असिदा (पिठाचा शिजवलेला गोळा), सगळ्यांना. तिथे नफीर म्हणून जुनी पद्धत आहे, आपल्याकडे इर्जिक असतं तशी, एकाच्या कामाला सगळं गाव. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा त्यातली कितीतरी स्वयंपाकघरं बंद पडली. परदेशात राहणारे सुदानी लोक पैसे पाठवतात म्हणून काही तगलीयत. देणगी द्यायची तर अशा स्थानिक लोकांपर्यंत पैसा जातो का हे विचारून द्या. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी तिथल्या खासदाराला पत्र लिहावं, त्याचा उपयोग होतो.

सातारकर

गुलूकर, एक राहिलं. तुमच्याकडच्या छावण्या उठल्या तेव्हा सगळेच गेले का? कुणी मागे राहिलं असेल ना.

गुलूकर

राहिले की. सातारकर, हाच प्रश्न सरकारने विचारायला हवा होता.

धडधाकट माणसं गेली. मागे राहिले म्हातारे, आंधळे-पांगळे, एड्सचे आजारी, आणि विधवा. झोपडी बांधायला अंगात ताकद लागते, गवत कापायचं, वासे आणायचे, कोण करणार. शाळा आणि दवाखाना छावणीच्या ठिकाणी होता आणि गावात काहीच नव्हतं म्हणून काहींनी पोरं मागे ठेवली, दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्यांना सांभाळत एकटी झोपडीत, असंही बघितलं. पाणी गावात पोचलं की कुटुंब एकत्र परत जायचं, हे आमच्या कामात स्पष्ट दिसायचं, म्हणून तर मी बोअरला एवढा चिकटून आहे. काही संस्थांनी म्हाताऱ्यांना गावात झोपड्या बांधून दिल्या, ते चांगलं काम झालं.

विधवांचं जास्त अवघड. नवरा छावणीत किंवा लढाईत गेला, ही परत आली तर दीर म्हणतो तुझा इथे काय संबंध, माहेरी जा. माहेरी भाऊ म्हणतो तुझं लग्न झालंय. अपहरण होऊन कोनीच्या टोळीतून मूल घेऊन परत आलेल्या मुलींना तर दोन्हीकडे दार बंद, कारण मुलाचं कूळ कुठलं आणि त्याला जमीन कुठली. युगांडाच्या १९९८ च्या जमीन कायद्यात परंपरागत जमिनीचा दाखला मिळायची सोय आहे, काही जिल्ह्यांत हल्ली त्याचं काम चालू आहे. पाणी समितीच्या बैठकीला बायकाच जास्त येतात, म्हणून तिथेच आम्ही तो विषय काढतो. अर्ज करताना बाईचं नाव घालून घ्या, मुलींची नावं घाला, दीर सही करत नसेल तर र्वोत क्वेरीला आणि कुळाच्या वडीलधाऱ्यांना मीटिंगला बोलवा, सगळ्यांसमोर विचारा. मागच्या मोसमात एका गावात तसं झालं, तीन तास बाचाबाची झाली आणि शेवटी दिराने अंगठा दिला.

कोयनाकाठ, तुमच्याकडे स्मशानाचं पुढे काय केलं ते सवडीने लिहा, इथल्या लोकांना सांगायचंय.